दोघींची भट्टी

दुसरी भट्टी तडकली ती दुपारी, धाकटी भांडी घासत असताना. आवाज फार मोठा नव्हता. वाळकी काटकी पायाखाली मोडावी, एवढाच. पण तो कशाचा, हे कळायला तिला मागे वळून बघावं लागलं नाही. हातातलं पातेलं फेसासकट खाली ठेवून ती अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. छातीएवढी उंच, रांजणासारखी पोट सुटलेली भट्टी, चौदा दिवस सावलीत जपलेली, काठापासून पोटापर्यंत चिरली होती. चिरेत बोट सहज जात होतं. पहिलीही अशीच गेली होती.

धाकटी तिथेच उकिडवी बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही.

गल्लीत तिला सगळे धाकटीच म्हणत. चोपन्न वर्षांची झाली, केस पिकले, दोन दाढा गेल्या, तरी धाकटीच, कारण थोरली होती. दोघी बहिणी मिळून रोटीच्या भट्ट्या करायच्या. मातीच्या भट्टीच्या आतल्या भिंतीला रोटी थापली की ती जशी फुगते तशी लोखंडात फुगत नाही, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण ती भट्टी करणारं घर आता हे एकच उरलं होतं. आणि त्या घरात विद्या अर्धी-अर्धी वाटलेली होती. माती थोरली करायची. भिंत धाकटी चढवायची.

ही वाटणी आईची. थोरली नवरा गेल्यावर चार वर्षांचा मुलगा काखेत घेऊन माहेरी परत आली, धाकटीचं लग्न ठरता ठरता राहून गेलं, तेव्हा आईने दोघींना समोर बसवून सांगितलं होतं, "एकीला सगळं दिलं तर ती दुसरीला हाकलेल. म्हणून अर्धं हिला, अर्धं तिला. आता भांडा, पण एकाच चुलीपाशी भांडा." तेव्हापासून थोरली मागच्या खोलीचं दार आतून लावून माती भिजवायची, तुडवायची, गोणपाटाखाली तीन दिवस मुरवायची आणि लोण्यासारखा गोळा धाकटीपुढे आणून ठेवायची. धाकटी त्याच्या मनगटाएवढ्या जाड वळ्या करून एकीवर एक चढवायची. तीस वर्षांत दार एकदाही उघडं राहिलं नाही आणि धाकटीनेही कधी डोकावून पाहिलं नाही. तो मानाचा प्रश्न होता.

"माझ्या हातांशिवाय तुझी माती म्हणजे नुसता चिखल," धाकटी म्हणायची.

"आणि माझ्या चिखलाशिवाय तुझे हात म्हणजे दोन लाकडी पळे," थोरली म्हणायची. मग दोघी चहा प्यायच्या.

दोन महिन्यांपूर्वी थोरली मोरीतून बाहेर येता येता खाली बसली ती पुन्हा स्वतःच्या पायांवर उठली नाही. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. घशातून काहीतरी यायचं, पण त्याचा शब्द व्हायचा नाही. डोळे मात्र तेच होते, तिखट, सगळं बघणारे.

त्यात रोटीवाल्याची भट्टी बुडाशी खचली. हा रोटीवाला गल्लीच्या तोंडाशी बसायचा. त्याची भट्टी या दोघींनीच अकरा वर्षांपूर्वी केलेली. मातीची भट्टी वापरणारा तो शेवटचा. बाकीच्यांनी केव्हाच स्टीलची यंत्रं आणली होती. खचलेल्या भट्टीची एक बाजू अजून धरून होती, तेवढ्यावर तो निम्म्या रोट्या काढत होता. भुसा, शेळीचे केस घरात किती येतात ते धाकटी बघत आली होती, त्या अंदाजाने स्वतःच माती करून तिने त्याच्यासाठी दोन भट्ट्या चढवल्या होत्या आणि दोन्ही तडकल्या होत्या.

दुसरी भट्टी तडकली त्या दिवशी संध्याकाळी तो स्वतः आला. शेडमध्ये जाऊन चीर पाहिली आणि चिरेवरून अंगठा फिरवला.

"बाई, मी तुम्हाला घाई करत नाही," तो म्हणाला. "पण यंत्रवाला येऊन दाराचं माप घेऊन गेलाय. दार अरुंद आहे, भिंत फोडावी लागेल म्हणतो. गवंडी मिळेपर्यंत महिना जाईल. तेवढाच वेळ माझ्या हातात."

"महिन्यात होईल."

"माती कोण करणार?"

धाकटीने पदराला हात पुसले. तो उत्तरासाठी थांबला नाही. जाताना दारातून थोरलीला हात जोडून गेला.

दुसरी अडचण याहून जवळची होती. थोरलीचा मुलगा दूरच्या शहरात नोकरीला होता. त्याने फोनवर सांगितलं होतं, "मावशी, रविवारी गाडी घेऊन येतो. आईला आता इकडेच ठेवतो. तुला एकटीला झेपणार नाही." बोलणं मायेचं होतं आणि खरंही होतं. पण चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात एकदा थोरली गेली की तिच्या पोटातली माती तिच्याबरोबर जाणार होती. रविवारला पाच दिवस होते.

मंगळवारपासून धाकटी खाटेपाशी ताटं मांडून बसली. एका ताटात भुसा जास्त, एकात शेळीचे केस जास्त, एकात वाळू, एकात राख. प्रत्येकाचा गोळा ती थोरलीच्या डाव्या हातात द्यायची. "ही बघ ताई. ही का?" थोरली गोळा दाबायची, अंगठ्याने चोळायची आणि सोडून द्यायची. तो चादरीवर पडायचा. मग ती तोंड उघडायची, घशातून जोर लावायची आणि एकच आवाज बाहेर यायचा. "मी."

"तू काय?"

"मी. मी."

"तू करणार? कशी करशील गं, तुला कूस बदलता येत नाही."

थोरली डोळे मिटून घ्यायची. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मी.

बुधवारी अकरा गोळे झाले. चादर तीनदा बदलावी लागली. बुधवारी संध्याकाळी धाकटीला वाटू लागलं की ही मुद्दाम करते आहे. सांगता येत नाही असं नाही, सांगायचं नाही. मरताना बरोबर घेऊन जायचं, पण धाकटीच्या हाती लागू द्यायचं नाही. हा विचार मनात आल्याची तिला लाज वाटली. तरी तो विचार तिने हाकलला नाही.

गुरुवारी सकाळी तिने ठरवलं. हातांना सांगता येत नसेल तर पायांना येईल. तीस वर्षं जे पाय माती तुडवत होते ते विसरतील कसे? तिने मागच्या खोलीबाहेर, अंगणातच चिखल केला. थोरलीला काखेत हात घालून खाटेवरून ओढलं, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, कमरेला ओढणीने बांधलं आणि खुर्ची उंबऱ्यावरून फरफटत बाहेर आणली. वारा सुटला होता. आभाळ सकाळपासून करडं होतं. तिने थोरलीचे मोजे काढले आणि दोन्ही पाय घोट्यापर्यंत चिखलात ठेवले.

उजवा पाय ठेवला तसाच राहिला. डावा मात्र हलला. आधी बोटं पसरली, मग टाच दाबली गेली, मग पाऊल कडेकडेने फिरू लागलं. ती चाल धाकटीने बंद दाराबाहेरून तीस वर्षं ऐकली होती, पचक पचक आणि मध्ये एक थांबा. आज पहिल्यांदा ती पाहत होती.

"हां ताई. असंच. आता काय घालू? भुसा? बोटाने दाखव."

थोरलीचं पाऊल थांबलं. तिने मान जेमतेम वळवली. शेजारी पाण्याची बादली होती. डावा पाय चिखलातून उपसून तिने बादलीला लावला आणि ढकलली. बादली कलंडली, पाणी धाकटीच्या साडीवर आलं.

"मी," थोरली म्हणाली. "मी. मी."

धाकटीचं डोकं फिरलं.

"हो, तूच," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीदा वाटलं. "जन्मभर तूच. आईची लाडकी तू, नवरा झाला तुला, मुलगा झाला तुला, मातीही तुलाच. माझ्या वाट्याला काय, तर तू दिलेला गोळा. आता तुझं अर्धं शरीर गेलं तरी मी-मी सुटत नाही. दे की आता. कुणासाठी ठेवतेस?"

थोरली तिच्याकडे बघत राहिली. मग डाव्या डोळ्यातून पाणी आलं आणि नाकाच्या कडेने खाली ओघळलं. धाकटीने ते पुसलं नाही. बादली पुन्हा भरून आणली, थंड पाणी ओतलं आणि तो पाय पुन्हा चिखलात दाबला. दीड तास. शेवटी थोरलीचे ओठ निळसर दिसायला लागले तेव्हा तिला भान आलं. मग ती धावली, पाणी तापवलं, पाय शेकले, तिन्ही पांघरुणं घातली, स्वतः तिला कवटाळून निजली. पण शुक्रवारी सकाळी थोरलीच्या छातीत घरघर सुरू झाली होती.

भाचा रविवारऐवजी शुक्रवारीच आला. इस्पितळाच्या पायऱ्यांवर त्याने विचारलं, "मावशी, आईच्या नखांत चिखल कसा?" तिने सांगितलं. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तो ऐकून घेत राहिला. हाच मुलगा लहानपणी तिच्या मांडीवर बसून मातीचे बैल करायचा. आता तो म्हणाला, "तू घरी जा." आणि आत गेला.

ती घरी गेली नाही. बाहेरच्या बाकावर बसून राहिली. दुपारी भाचा औषधं आणायला गेला तेवढ्यात ती वॉर्डात शिरली. नर्स थोरलीला चमच्याने सूप भरवत होती. दोन चमचे झाले आणि थोरलीने तोंड फिरवलं.

"मी," ती म्हणाली.

"नाही मिळायचं आजी," नर्स म्हणाली. मग धाकटीकडे वळून, "तुम्ही यांच्या कोण? बहीण? जरा समजवा यांना. सकाळपासून मीठ मागताहेत. बीपी आहे म्हणून डॉक्टरांनी बंद केलंय."

धाकटी खाटेच्या कडेचा लोखंडी दांडा धरून उभी राहिली. बादली. पाण्याची बादली. माती भिजवायच्या आदल्या संध्याकाळीच थोरली मागच्या खोलीतल्या पिंपात ओतायला न्यायची त्या साध्या पाण्याच्या बादल्या. दर महिन्याला वाण्याकडून येणारी खडेमिठाची गोणी आणि तिची स्वतःचीच थट्टा, "ताई, आपण दोघी माणसं आहोत की गुरं, एवढं मीठ जातं कुठे?" थोरली तेव्हा फक्त हसायची.

ती वाकली. "ताई, मातीत मीठ घालायचीस? पाण्यात विरघळवून?"

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. तोंडाची जी बाजू हलत होती ती हलली. ती हसली की रडली, हे धाकटीला पुढे कधीच ठरवता आलं नाही.

"किती? एका पिंपाला किती?"

थोरलीने डावा हात पांघरुणातून काढला. मूठ वळली, उघडली. पुन्हा वळली, उघडली. तिसऱ्यांदा वळली आणि खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना. नर्सने धाकटीला बाजूला सारलं. दारात भाचा उभा होता, हातात औषधांची पिशवी.

"मावशी, मी सांगितलं होतं ना तुला," तो म्हणाला. "अजून तुझं काढून घेणं चालूच आहे का?"

तिला सांगायचं होतं की मी माफी मागायला आले होते. पण ते खरं नव्हतं. तिने पहिला प्रश्न मिठाचा विचारला होता आणि दुसराही मिठाचाच.

घरी येऊन तिने मागच्या खोलीचं दार पहिल्यांदा उघडलं. आत काहीच नव्हतं. एक पिंप, एक गोणपाट, माती तुडवायची लाकडी काठवट, भिंतीला एक खिळा आणि त्यावर थोरलीचा जुना टॉवेल. काठवटीच्या कोपऱ्यात शेवटच्या घाण्यातला मुठीएवढा गोळा दगडासारखा वाळून चिकटला होता. धाकटीने तो खरवडून काढला आणि जिभेला लावला. खारट होता.

तीन मुठी की चार की जास्त, हे विचारायची वाट भाच्याने बंद केली होती. तिने पाच वाडग्यांत माती भिजवली, मुठीच्या हिशेबाने मीठ कमी-जास्त करून. प्रत्येकातली बोटभर माती जिभेवर ठेवायची, थुंकायची, चूळ भरायची आणि मग थोरलीचा गोळा चाटायचा. संध्याकाळपर्यंत जीभ सोलवटली. तिसरं वाडगं अळणी वाटायचं, पाचवं कडू. चौथं जुळत होतं, निदान तिला तसं वाटत होतं. तिने त्याच मापाने पिंप भरलं, रात्रभर मुरू दिलं आणि दुसऱ्या दिवशी साडी खोचून स्वतः काठवटीत उतरली. पचक पचक आणि मध्ये एक थांबा. तो थांबा कशासाठी हे तिला माहीत नव्हतं, तरी ती थांबत गेली.

माती मुरली त्या दिवशी ती इस्पितळात गेली. भाच्याने काचेच्या दारातूनच मान हलवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशीही. रोज परत येऊन वीतभर भिंत चढवायची. भिंत कमरेपर्यंत आली त्या सकाळी शेजारीण फोन घेऊन धावत आली. थोरली गेली होती.

डॉक्टर म्हणाले, अशा आजारात गिळताना पाणी छातीत उतरतं, थंडीचा संबंध असेलच असं नाही. भाच्याने ते ऐकलं आणि धाकटीनेही ऐकलं. दोघांचाही विश्वास बसला नाही. मातीआड केल्यावर तो सरळ गाडीत जाऊन बसला. काचेवर हात ठेवून ती म्हणाली, "तुझ्या आईचं काही न्यायचं असेल तर घरी ये." त्याने तिच्याकडे न बघता सांगितलं, "तिचं होतं ते तू घेतलंस ना." गाडी निघून गेली.

तीन दिवसांनी ती शेडमध्ये गेली तेव्हा अर्ध्या भिंतीचा काठ वाळून पांढरा पडला होता. ओल्यावर वाळकं धरत नाही, हे भिंत चढवणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मोडून पुन्हा करावी इतकी माती होती, पण मोडायला हात उठेना. या भिंतीचा खालचा भाग थोरली जिवंत असताना चढवलेला होता. तिने काठ खिळ्याने ओरखडला, ओलं फडकं दिवसभर गुंडाळून ठेवलं, पातळ चिखल चोळला, वरची वळी बसवली आणि दिवसाला वीतभर करत भिंत पुरी केली. सांध्याची रेघ राहिलीच. पुढचे चौदा दिवस ती शेडमध्येच जेवली. पत्रा कडकला तरी दचकायची. एकदा शेजारणीच्या हातून ताट पडलं तर ही उठली आणि कितीतरी वेळ भट्टीवरून हात फिरवत चीर शोधत राहिली.

भट्टी तडकली नाही.

रोटीवाला चार माणसं आणि हातगाडी घेऊन आला. भट्टी खड्ड्यात बसवली, भोवती राखमाती भरली आणि तीन दिवस त्याने जाळ वाढवत नेला, आधी काटक्यांचा, मग फांद्यांचा, मग ओंडक्यांचा. भिंत काळी झाली, मग काळेपण जळून पांढरी झाली. सांध्याची रेघ दिसत होती, पण धरून होती. चौथ्या दिवशी सकाळी त्याने थापायच्या कापडी उशीवर पसरलेली पहिली रोटी आतल्या भिंतीला थापली. ती चिकटली, फुगली, तिच्यावर डाग पडले. लोखंडी आकड्याने ओढून त्याने ती धाकटीपुढे धरली. तिने तुकडा तोडला, पण तोंडात घातला नाही. हातातच ठेवला.

"बाई, एक सांगतो, राग मानू नका," तो हळू आवाजात म्हणाला. "यंत्र मी रद्द नाही केलं, पुढे ढकललंय. मी आहे तोवर ही. माझी मुलगी काही इथे धगीपाशी बसणार नाही. आणि का बसावं तिने?"

"बरोबर आहे तुमचं," धाकटी म्हणाली.

दुकानापुढे रांग लागली होती. कितीतरी दिवस निम्म्या रोट्यांवर काढलेली माणसं, पिशव्या घेऊन, वासाने आत माना घालणारी. धाकटी फळीला टेकून त्यांच्याकडे बघत राहिली. ही रांग उद्या असेल, वर्षभर असेल. आणि घरात मागच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत जायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं. ती फळी सोडून रांगेसमोर जाऊन उभी राहिली.

"ऐका," ती म्हणाली. "चार घमेली पिवळी माती, चाळलेली. एक घमेलं भुसा. शेळीचे केस दोन मुठी, कातरून. पाणी आदल्या दिवशी भरायचं आणि पिंपाला चार मुठी खडेमीठ. माझ्या मुठीने चार. तुमची मूठ मोठी असेल तर तीन."

लोक तिच्याकडे बघू लागले. थोरली गेल्याचं सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्याने टोपी काढून हातात धरली.

"तुडवताना मध्ये थांबायचं," ती सांगत होती. "का ते मला माहीत नाही. तिला माहीत होतं. मी विचारलं नाही. तीन दिवस गोणपाटाखाली. मग वळ्या, मनगटाएवढ्या, दिवसाला वीतभरच. घाई केली तर भिंत खाली बसते. काठ वाळू द्यायचा नाही. ऐकलंत ना? मीठ विसरू नका. मीठ पाण्यात घालायचं, मातीत नाही."

तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी मान हलवत होतं, कुणी पायाशी बघत होतं. रांगेच्या मधोमध उभी असलेली एक बाई, कडेवर लहान मूल असलेली, थोडं चाचरत म्हणाली, "मावशी, जरा बाजूला होता का? मागच्यांना दिसत नाहीये, रोट्या किती उरल्यात ते."

धाकटी बाजूला झाली. मग तिथेच, रांगेच्या कडेने, ती पहिल्या माणसापाशी गेली आणि त्याला पुन्हा सुरुवातीपासून सांगू लागली.